गुणामामीने घासलेला पैसा

माझ्या नथ्थूमामाला नाणी कळत, माणसं नाही. आरमोरीच्या बाजारात कुणी जुनं नाणं आणलं की तो भिंगातून बघून सांगे, "ही चूक टाकसाळीतली हाय, जपून ठेव." नाहीतर, "हे कोनं मागून ठोकलं, कामाचं नाई."

त्याच्याकडे तांब्याचा एक भोकाचा पैसा होता. त्याचं भोक मधोमध नव्हतं, काठाकडे सरकलेलं होतं, आणि ते टाकसाळीतच तसं पडलं होतं. तसा दुसरा त्याने जन्मात पाहिला नव्हता. एका दिवाळीला गुणामामीने पूजेच्या भांड्यांबरोबर तोही चिंच-राखेने घासला आणि लखलखीत करून कौतुकाने त्याच्या हातावर ठेवला. जुन्या नाण्याचा काळपट रंग गेला की त्याचं मोल जातं, हे तिला कधी कुणी सांगितलं होतं? मामा चारचौघांत तिला बिनअकलेची म्हणाला. मी तिथेच होतो.

त्यानंतर अकरा वर्षं मामीने नाण्यांच्या पेटीला हात लावला नाही. घर आरशासारखं असे, पेटीवर तेवढी धूळ.

गेल्या पौषात मामी वारली. परवा गोंडपिपरीहून एक नाणी जमवणारा आला आणि तो पैसा बघून हळहळला, "भाऊ, एवढ्या चांगल्या चिजेची वाट कोनं लावली?"

मामाने भिंग लावलं. तांब्यावर भांडं घासल्यासारखे बारीक, गोल गोल चरे होते. तो बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला.

"वाट मी लावली," तो म्हणाला. "पैशाची नाई."