दर्या की दरिया

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, आणि आमच्या तलावाकाठी एकच प्रश्न सुरू झाला: मूळचे कोण? त्याआधी हे कोणी विचारत नव्हतं. पावसाळा सरला की पहिलं जाळं बाबा टाकत, मग बाकीचे. त्या वर्षी पलीकडच्या केंवटपाऱ्यानं, म्हणजे केंवट मासेमारांच्या वस्तीनं, अडवलं. म्हणे पहिलं जाळं इथल्यांचं, बाहेरून आलेल्यांचं नाही.

मंदिराच्या ओट्यावर बैठक बसली. बाबांनी आमच्या घरची कथा सांगितली. आम्ही दर्याकाठच्या कोळीगावचे. गाव वसवायला जमीन नव्हती, तर दर्या म्हणाला, तुमचं जाळं पडेल तिथवर मी मागं सरतो. आमच्या पूर्वजानं जाळं फेकलं, तेवढं गाव झालं. म्हणून पहिलं जाळं आमचं. पुढं भोसल्यांच्या फौजेला नद्या उतरवून द्यायला आमची माणसं इकडं आली. काका मात्र सांगायचे की ते गाव फुटलेल्या गलबतातल्या माणसांनी वसवलं. यावरून दोघा भावांचं वाजायचं. गावाचं नाव मात्र दोघांनाही सांगता येत नसे.

"सबूत?" केंवटपाऱ्याच्या म्हाताऱ्या मुखियानं विचारलं.

"सबूत आमच्या तोंडात हाये," बाबा म्हणाले. "आमी या तलावाले आजबी दर्याच म्हणतो. समुद्र पाह्यल्याबिगर हा शब्द येईन कुठून?"

मागून कोणी तरी हसलं. "भैया, थोड़ा नमक भी लाए थे क्या?"

बाबांनी मला उभं केलं. "माही पोट्टी बी.ए. हाये, इतिहास घेऊन. सांग वं या लोकायले."

घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा तोरा मला होता, अजूनही आहे. पण खरं बोललं की बाबांचं पहिलं जाळं जाणार, हे दिसत होतं.

"मराठीत दर्या म्हणजे समुद्र," मी म्हटलं. बाबांनी मान डोलावली. "पण हिंदीत दरिया म्हणजे नदी. आपण इथं पिढ्यान् पिढ्या हिंदी बोलून राहिलो. शब्द तिकडून आला का इकडून, मले सांगता येत नाही. हा पुरावा नव्हे."

केंवटपाऱ्यानं टाळ्या पिटल्या. बाबांनी मान फिरवली.

"दादाजी," मी मुखियाकडे वळले, "आप कहते हैं, आपके पुरखे देवी के संग मछली पर बैठके आए. आए ना? तो आप भी बाहर के."

टाळ्या थांबल्या. त्यांच्यातला एक तगडा गडी उठून माझ्यावर धावला. बाबा मध्ये आले. "हात लावून पाह्य." दोघांच्या छात्या एकमेकांना भिडल्या. मग मुखियानं गड्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"हव, आए तो हन," त्यानं सावकाश कबूल केलं. "एक साल हमर, एक साल तुंहर. ए साल हमर."

बाबा घरी जाताना एवढंच म्हणाले, "तुले शिकवलं ते या लोकायसाठी काय?"

"खरं सांगासाठी."

"खऱ्यानं मासोळी गावते?"

दुसऱ्या दिवशी मुखियाचं जाळं पहिलं पडलं. बाबा गुडघाभर पाण्यात थांबले होते. त्यांना थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाळी आली तसं त्यांनी जाळं फेकलं आणि माझ्याकडे न बघता दोरी मागं केली.

"धर. ओढाले बी.ए. लागत नाही."

मी पाण्यात उतरले आणि धरली.