झोळीतला ओल्मेदो

फिदेलिना माझी भावजय. दारिएनच्या जंगलातल्या आमच्या वोउनान जमातीच्या गावात टोपल्या विणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण तिच्या टोपलीत पाणी ओतलं तरी थेंब गळत नाही, आणि चित्रात तिने एखाद्याला घातलं की त्याची सुटका नाही. कोंबड्या पळवणारा एक शेजारी तिने कोंबडीसकट विणला. तो आता शहरात कुणाच्या तरी दिवाणखान्यात आहे.

या वेळची टोपली शहरातल्या प्रदर्शनासाठी होती. बुडापासून वेढ्यावर वेढा चढवत चौदा महिन्यांचं काम. बुडाच्या जरा वर एक काळी, खाली झुकलेली रेघ उमटली, तसा तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ ओल्मेदो, गावभर सांगत सुटला, "मला होडीत बसवतेय! वल्हं कुठल्या हातात देते ते बघायचंय, ताई."

त्याने वल्हं शेवटचं कधी धरलं होतं, मला आठवेना.

दोन महिन्यांनी होडीची दोन्ही टोकं वर चढली आणि त्यांना दोऱ्या फुटल्या. होडी कसली, दोन खांबांना बांधलेली झोळी होती ती! आत पोट वर करून निजलेला माणूस.

"अगं, हा मी?"

"दिवसाढवळ्या आणखी कोण घोरतं या गावात?"

"सगळी दुनिया बघेल गं! उसव ते."

"दोन महिन्यांचं काम उसवू? तुझ्या झोपेपायी?"

त्याचा चेहरा एवढासा झाला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. भाऊच ना शेवटी. होता होता चित्र वरपर्यंत आलं. झोपेतही दोरी धरून ठेवायची त्याला सवय, तो वर गेलेला हात तेवढा विणायचा उरला.

"निदान हातात मासा दे," तो गयावया करू लागला.

"तू आण, मी देते."

आठवडाभर तो नदीवर बसला. मासे शहाणे निघाले.

त्यात तिचा पांढरा धागा संपला आणि प्रदर्शन तोंडावर आलं. हा धागा चुंगा नावाच्या ताडाच्या कोवळ्या कोंबातून निघतो, आणि त्या झाडाला बोटभर काटे. ओल्मेदो कोणाला न सांगता कोयता घेऊन गेला. परतला तो खांद्यावर कोंब, तळहातात तीन काटे, आणि बोंब मारत. काटे मी काढले. फिदेलिनाने हाताला चिंधी बांधली.

प्रदर्शनात परीक्षक बाई टोपलीजवळ वाकल्या. "माणूस निजलाय, ते कळलं. पण हाताला हे पांढरं काय?"

"चिंधी आहे, बाई," फिदेलिना म्हणाली.

"कशाची?"

"कामाची. चौदा महिन्यांत एकदा केलं बिचाऱ्याने. न विणून कसं चालेल?"

बाईंनी त्याला काही विचारलं नव्हतं, तरी ओल्मेदोने मागून हात पुढे केला. जखम केव्हाच भरली होती. चिंधी मात्र त्याने अजून सोडली नव्हती.