काकांचा वाचायचा आवाज

आमच्या परळच्या चाळीतल्या शेजारच्या काकांना मनातल्या मनात वाचता येत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घोषणा द्यायला पुढे तेच, आणि घरी वर्तमानपत्रही ते त्याच आवाजात वाचत.

एकदा मी वाचनालयातून आणलेली कादंबरी त्यांनी मागून नेली. नदीकाठी पक्षी बघायला येणारी दोघं त्यात हळूहळू एकमेकांत गुंततात. झालं, रोज संध्याकाळी गॅलरीत वाचन सुरू. "हळू बोल, खंड्या उडेल," असं नायिका कुजबुजायची, ते तळमजल्यावर ऐकू जायचं. बादली भरून वाहू लागली तरी नळावरच्या बायका हलायच्या नाहीत.

"अहो, लोक ऐकतायत," काकू आतून म्हणायच्या.

"ऐकू देत की. चोरून वाचतोय काय मी?"

शेवटचं पान आलं तेव्हा अख्खी चाळ कठड्याला टेकून उभी होती. काकांनी मान वर केली, दारात तांदूळ निवडत बसलेल्या काकूंकडे पाहिलं, आणि इतक्या हळू काही वाचलं की आम्हाला अक्षरही कळलं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. "काहीतरीच तुमचं," म्हणत त्या सूप घेऊन आत गेल्या.

सगळे हळहळले. काकांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मी उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं. त्यावर एवढंच होतं: खंड्या उडून गेला, आणि ती दोघं काही न बोलता घरी निघाली.