सावातीची जीभ

उत्तर रशियातल्या पिनेगा नदीकाठच्या आमच्या गावात ग्लाफिरा येगोरोव्ना युद्धानंतर शाळेत शिकवायला आल्या, आणि नदीतून ओंडक्यांचे तराफे नेणाऱ्या सावातीशी लग्न करून इथल्याच झाल्या. व्याकरणावर त्यांचा भारी जीव. दक्षिणेतून, बल्गेरियातून धर्मग्रंथांची भाषा आली, ती इथल्या शेतकऱ्यांच्या बोलीत मुरली आणि आपली रशियन घडली, हे शिकवताना त्यांचा चेहरा फुलायचा. आमची गावठी बोली मात्र त्यांना खपत नसे.

सावाती दारातून म्हणायचा, "ग्लाशा, माझ्यापाशी आलेलं आहे!"

"'मी आलो' म्हण."

"आलोय ना? मग झालं तर!" तो हसायचा.

पुढे त्या पाहुण्यांसमोरही टोकायला लागल्या. मग सावाती पाहुणे आले की सरपण फोडायला निघून जायचा. हळूहळू घरातही मान हलवूनच भागवू लागला.

एका उन्हाळ्यात विद्यापीठातून दोन मुली टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. त्यांना जुनी बोली हवी होती. ग्लाफिरा येगोरोव्नांनी नवऱ्याची चूक उदाहरण म्हणून सांगितली, तेव्हा त्यातली एक म्हणाली, "बाई, 'माझ्यापाशी आलेलं आहे' ही चूक नाही हो. फार जुनी रचना आहे. इथं आधी राहणाऱ्या फिनिश कुळातल्या लोकांच्या शेजारामुळं आली असावी, असं काही जण मानतात."

ग्लाफिरा येगोरोव्ना लगेच उठल्या. सावातीला बोलवायला त्या स्वतः गेल्या.

तो धुतलेला सदरा घालून यंत्रासमोर बसला आणि शाळकरी पोरासारखं बोलला, "मी तराफे नेले. मी घरी आलो."

"अरे, घरी बोलतोस तसं बोल की!" ग्लाफिरा येगोरोव्ना म्हणाल्या.

"घरी तरी कुठं बोलतो मी?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मुलीनं यंत्र बंद केलं.

त्या हिवाळ्यात त्याची छाती भरली. त्या उशाशी बसून विचारायच्या, "तराफ्यांच्या गोष्टी सांग ना." तो धापा टाकत, एकेक शब्द जुळवून, पुस्तकातलंच बोलायचा, बायकोला खटकू नये म्हणून. नदीचा बर्फ फुटण्याआधीच गेला.

नंतर त्या आमच्याकडे येऊन शेगडीजवळ बसायच्या. आईला म्हणायच्या, "तुम्ही बोला गं आपापसात. मी नुसती ऐकते."

पण मास्तरीणबाई समोर बसल्या की आमच्या जिभा आपोआप सरळ, पुस्तकी व्हायच्या. त्या थोडा वेळ वाट पाहायच्या, आणि चहा तसाच ठेवून उठायच्या.