मीटर खराब

टीव्हीवर लोक काय बघतात हे मोजणाऱ्या एका एजन्सीत मी काही वर्षं नोकरी केली. मोठी आकडेमोड मुंबईच्या ऑफिसात व्हायची. माझ्याकडे पेण आणि रोहा भागातली निवडलेली थोडी घरं होती. त्या घरांतल्या टीव्हीला एक काळी डबी जोडलेली असे, तिला आम्ही मीटर म्हणायचो. सोबत एक वेगळा रिमोट. घरातल्या प्रत्येक माणसाला त्यावर एकेक बटण. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. कुठल्या घरात मीटर आहे हे बाहेर सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मी बायकोलाही सांगत नसे. शेजारपाजारचे मला डिशवाला समजायचे.

माझ्या वडिलांची उमर मिठागरावर गेली. त्यामुळे गळ्यात ओळखपत्र अडकवून मोटारसायकलवरून फिरायची नोकरी मला फार मोठी वाटायची. आणि खरं सांगतो, त्या कामावर माझा विश्वास होता. आपल्या खाडीपट्ट्यातली, आपल्या नदीकाठची माणसंही कुठेतरी मोजली जातायत, याचं मला अप्रूप होतं.

रोह्यासमोर, कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठाला, अष्टमी गावात एका निवृत्त शिक्षकांचं घर माझ्याकडे होतं. त्यांना मी सर म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. घरात दोघंच. एकुलती मुलगी लग्न होऊन पेणला. सरांनी जसं बटण दाबलं तसं माझ्या एकाही घरात कोणी दाबलं नाही. पाणी प्यायला उठले तरी बटण दाबून जायचे. बातम्यांचं त्यांचं एकच चॅनल ठरलेलं. संध्याकाळी सात वाजता काकूंनाही ओढून आणायचे.

"मला माझी मालिका बघू द्या की हो," काकू कुरकुरायच्या.

"अगो, जगात काय चाललंय ते कळायला नको?"

काकू मला डोळ्यांनी खुणावून हसायच्या आणि आपलं बटण दाबायच्या. मग कधी चकली, कधी आंबोळी माझ्या हातावर ठेवायच्या. त्यांना दम्याचा जुना त्रास होता. बोलता बोलता थांबून श्वास घ्यायच्या.

त्या वर्षी पावसाने कुंडलिका चढली त्या दिवशी काय झालं, ते मला सरांनी नंतर सांगितलं. सकाळीच काकूंचा दम वाढला. मुलीचा फोन आला, "मी गाडी घेऊन निघालेय. पेणच्या डॉक्टरांशी बोललेय, ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीत घेतलाय. आईला रिक्षात घालून हलवू नका." नागोठण्याकडून येणारा रस्ता पाण्याखाली होता. म्हणून ती महामार्गाने कोलाडवरून रोह्यात शिरणार आणि पूल ओलांडून अष्टमीत येणार होती.

सर वाट बघत बसले. टीव्ही चालू होता. दहाच्या सुमाराला पडद्यावर लाल पट्टी झळकली. रोहा-अष्टमीचा पूल वाहून गेला. मागे चित्रफीत, गढूळ पाण्यात कोसळणारा कुठलातरी पूल. सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आपला पूल जागेवर. पाणी खालून जात होतं आणि वरून छत्र्या घेतलेली माणसं चालत होती.

सर हसले. "बघ गो, आपला पूल वाहून गेला म्हणतायत." काकूही हसल्या. हसताना त्यांना ढास लागली.

मग सर एकदम उठले. मुलीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. पडद्यावर खाली चॅनलचा नंबर होता, तो लावला. तिकडे गाणं वाजत राहिलं. सर खिडकी आणि टीव्ही यांच्या मध्ये उभे. खिडकीत पूल होता, टीव्हीवर नव्हता.

मुलगी त्या वेळी कोलाडच्या अलीकडे, महामार्गावरच्या खांब गावात पोचली होती. पाणी घ्यायला हॉटेलात उतरली. तिथल्या टीव्हीवर तिने तो पूल कोसळताना पाहिला. तिथे बसलेले सगळे म्हणाले, ताई, पुढे जाऊ नका, पूलच नाय राहिला. आईबापांपर्यंत पोचायची वाट संपली, असं समजून ती रडत मागे फिरली.

सरांनी दोन तास वाट पाहिली. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत काकूंना घातलं आणि त्याच पुलावरून रोह्यात दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. दुपारी चारला काकू गेल्या. सरांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा टीव्ही चालूच होता आणि पुलाच्या बातमीच्या जागी कुठल्याशा नटाच्या लग्नाचं चाललं होतं. चुकीची दुरुस्ती कोणी केली नाही. ना त्या दिवशी, ना नंतर.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या यादीत एवढंच दिसलं की अष्टमीचं घर रोज शून्य दाखवतंय. ऑफिसातून फोन आला, "जाऊन बघ, वायर सुटली असेल."

मी गेलो. दार सरांनी उघडलं. भिंतीवर काकूंचा फोटो, हार ताजा होता. सरांनी बसायला सांगितलं आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. एकाच सुरात, शाळेत धडा वाचावा तसं. मग म्हणाले, "वायर ठीक आहे. मीच टीव्ही लावत नाही. पण मीटर काढू नकोस. शून्य जाऊ दे. रोज जाऊ दे. तिकडे कोणीतरी बघेल ना, की हे घर इतकी वर्षं बघत होतं आणि आता बघत नाही?"

"बघतील, सर," मी म्हणालो.

बाहेर येऊन मी ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. मीटर नीट आहे, माणसाने मुद्दाम बंद ठेवलंय, असं सांगितलं.

"सलग शून्य म्हणजे बिघाड. तसलं घर आपण मोजणीत धरत नाही. काढ आणि दुसरं लाव."

"बिघाड नाय हो साहेब. त्यांचा बातम्यांवरचा विश्वास उडालाय."

ते हसले. वाईट माणूस नव्हते. "ते फॉर्मवर कुठे लिहिशील?"

फॉर्मवर तीन चौकोन होते. घर बदललं. कुटुंब सहकार्य करत नाही. मीटर खराब. दुसऱ्यावर खूण करायला हात धजेना, कारण सरांइतकं सहकार्य मला कोणी केलं नव्हतं. मी तिसऱ्यावर खूण केली. महिन्याभराने मीटर काढायला गेलो, तेव्हा सरांनी विचारलं, "पोचलं का आपलं म्हणणं?" मी म्हणालो, पोचलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. ती मान मला अजून दिसते.

ती डबी मी पेणजवळ जोहे गावात एका घरात लावली. घराच्या पुढच्या पडवीत गणपतींचा कारखाना. टीव्ही त्याच पडवीत, मूर्तींच्या फळ्यांच्या वर टांगलेला. सकाळी मालकीणबाई घरातल्या चौघांची बटणं एकदम दाबायच्या आणि स्वयंपाकाला जायच्या. संध्याकाळपर्यंत टीव्ही बोलत राहायचा. रंगारी त्याच्याकडे पाठ करून डोळे रेखत बसलेले. केबलवाल्याने बॉक्स असा लावून दिला होता की चालू केला की आधी सरांचंच ते बातम्यांचं चॅनल लागायचं. ते बदलायला कोणाचे हात मोकळे नसत. शाडूने माखलेले असत.

"ताई, ह्या बातम्या कोण बघतं?" मी एकदा विचारलं.

"कोण नाय बघत. आवाज असला म्हंजे कामाला बरं वाटतं."

ऑफिसात हे घर उत्तम मानलं गेलं. भरपूर वेळ टीव्ही चालू, चार माणसं समोर. मी लिहून कळवलं की समोर कोणी नसतं. उत्तर आलं नाही. दोन-तीनदा कळवल्यावर साहेब म्हणाले, "आपलं काम यंत्र सांभाळायचं. माणसं सांभाळायचं नाही."

काही महिन्यांनी मी घरी दुपारचा जेवायला बसलो होतो. टीव्हीवर त्याच चॅनलची मंडळी केक कापत होती. महाराष्ट्राने आम्हाला पहिल्या क्रमांकावर बसवलं, असं निवेदिका सांगत होती. आपल्या विश्वासाबद्दल आभार. बायको म्हणाली, "एवढी लोकं बघतात हे?" माझा घास हातात राहिला. त्या विश्वासात जोह्याची पडवी धरलेली होती आणि अष्टमीचं घर वगळलेलं होतं. दोन्ही कामं माझ्या हातची.

मी नोकरी सोडली. आता पेणला इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं दुकान चालवतो. सोडल्यावर पहिल्यांदा सरांकडे गेलो, ते खरं सांगायला. मुलगी आलेली होती. ती दर रविवारी येते, भाजी निवडते, कपडे वाळत घालते. दोघं त्या दिवसाबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला पाच मिनिटांत कळलं. सरांना मी फॉर्मचं सांगितलं, चौकोनाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे यंत्र ठीक होतं आणि तू खराब लिहिलंस."

"व्हय, सर."

"आणि मला पोचलं म्हणालास."

मी मान खाली घातली. ते उठून आतल्या खोलीत गेले, बाहेर आलेच नाहीत. मुलगी दारापर्यंत पोचवायला आली. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबांना तेवढाच आधार होता हो. कोणीतरी ऐकलं, असं सगळ्यांना सांगायचे. कशाला आलात सांगायला?"

खोटं बोलून मी त्यांना फसवलं आणि खरं बोलून राहिलेलंही काढून घेतलं. त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही. दुकानात गिऱ्हाईकं बातम्या लावायला सांगतात. मी क्रिकेट लावतो.