बसला वाट करून देणारे उसामी मास्तर

हामासेत ज्याला गाडी चालवता येते, त्याला ती उसामी मास्तरांनी शिकवलेली असते. ज्याला येत नाही, त्यालाही त्यांनीच शिकवलेली असते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. मास्तरांनी उभं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून काढलं, आणि शनिवारी तोच पाय घेऊन ते स्टेडियमवर येत.

आमचा फुटबॉलचा संघ हामासे वेलेरो. जपानातलं बंदराकाठचं एवढंसं गाव, पण संघ देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये. नाव परदेशी, कारण संघ चालवणाऱ्या रंगाच्या कंपनीला ते भारदस्त वाटलं. गोलमागच्या स्टँडचे पुढारी मास्तर. ढोल कधी वाजवायचा, झेंडे कधी हलवायचे, सगळं ते हातातल्या भोंग्यातून सांगत. शिवी द्यायची नाही, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकीपरलाही नावापुढे ‘सान’, म्हणजे आपलं ‘राव’, लावायचं, आणि निघताना आपला कचरा आपण उचलायचा. एकदा मासळीवाल्या किनुयोने पंचांना आंधळा म्हटलं, तर मास्तरांनी भोंग्यातून दुरुस्ती केली, “पंचसाहेबांच्या डोळ्यांवर ऊन आलं असावं.” सामना संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात चालला होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटचा तो हंगाम. वसंतात आम्ही दोन सामने जिंकलो आणि गावातल्या न्हाव्याने दुकानावर संघाच्या रंगाचा निळा पडदा लावला. मग सुरू झालं हरणं. त्या काळी लीगमध्ये बरोबरी मान्य नव्हती. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर जादा वेळ, त्यातही नाही तर पेनल्टी. इतर संघांना हरण्याची एकच रीत ठाऊक होती, आम्ही तिन्ही आत्मसात केल्या.

पण हरण्याचं दुःख कुणाला नव्हतं. शरदात कुणकुण आली की कंपनीला संघ डोईजड झालाय, आणि तो शेजारच्या मोठ्या शहराच्या संघात मिसळून टाकणार आहेत. मास्तरांना एवढंच हवं होतं, की पुढच्या वर्षी हामासेचा संघ हामासेत राहील, असं संघाच्या अध्यक्षांनी तोंडाने म्हणावं.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आम्ही पेनल्टीवर हरलो. अशा वेळी समर्थक संघाच्या बससमोर बसतात आणि कुणीतरी जबाबदार माणूस येऊन बोलेपर्यंत उठत नाहीत, ही आमच्या लीगची जुनी रीत. आम्ही फाटकात बसलो. मास्तरांनी रुग्णवाहिकेपुरती जागा मोकळी ठेवून, रांगा आखून बसवलं. किनुयोने भाजलेला सुका माकूळ वाटला.

“मास्तर, आज ब्रेकवरचा पाय काढू नका,” ती म्हणाली.

“काढणार नाही. पण तुम्ही जरा पिवळ्या रेषेच्या आत बसा.”

आतून बसचा ड्रायव्हर हिदेओ, मास्तरांचाच शिष्य, काच खाली करून म्हणाला, “मास्तर, आरामात बसा. मला घाई नाही.”

अंधार पडता पडता अध्यक्ष मिकुरिया आले. कोट काढून, थंडीत, आमच्यासमोर वाकले. कमरेत पूर्ण वाकले आणि वर येईनात. सुरुवातीला दोघेतिघे ओरडत होते, तेही गप्प झाले. केस विरळ झालेलं ते डोकं इतका वेळ आमच्यासमोर राहिलं की आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. अखेर ते सरळ झाले आणि म्हणाले, “आपल्या भावना मी मनापासून स्वीकारतो. पुढचा विचार आम्ही सकारात्मकपणे करू.”

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठू लागले.

“हा बोलला काय?” किनुयोने त्यांची बाही धरली. “राहणार की जाणार, विचारा ना.”

“किनुयोसान, एवढं वाकलेल्या माणसाला अजून काय विचारायचं?”

“तेच, जे विचारायला आपण इथे गारठत बसलोय.”

“त्यांना आणखी लाजवायचं का? कळलं की आपल्याला.”

आणि आम्हालाही कळलं, की संघ राहणार. सगळ्यांना एकदम कळलं, हेच वाईट झालं. आम्ही उठलो, माकुळाची कागदं गोळा केली. फाटक अरुंद होतं, म्हणून मास्तर स्वतः बसच्या पुढे उभे राहिले आणि पांढरे हातमोजे घालून हिदेओला सांगू लागले, “येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, येऊ दे.” बस अलगद बाहेर पडली. मास्तरांनी तिला सलाम केला.

दोन संघ एक करण्याचा करार आधीच झालेला होता. दुसऱ्या दिवशी लीगच्या बैठकीत त्याला मंजुरी मिळाली. कंपनीने तिथे सांगितलं की समर्थकांशी थेट संवाद साधला असून त्यांनी परिस्थिती शांतपणे समजून घेतली आहे. पुरावा म्हणून वर्तमानपत्रात फोटो होता: हातमोजे घातलेले मास्तर, सलाम करताना.

गावात त्यांना कुणी एक वावगा शब्द बोललं नाही. न्हाव्याने नेहमीसारखे केस कापले. शिकाऊ मुली नेहमीसारख्या खांबावर गाडी घालत होत्या. मास्तर रोज कुणीतरी शिवी देईल म्हणून तयार होऊन घराबाहेर पडत आणि ‘आज गारठा आहे नाही’ एवढंच ऐकून परत येत. नव्या संघाच्या कचेरीतून माणूस आला. गर्दी इतकी छान हाताळता, तर आमचा स्टँड सांभाळाल का, असं त्याने मनापासून विचारलं. मास्तरांनी त्याला चहा दिला. मग ते सरळ मासळीबाजारात गेले.

“किनुयोसान, तुम्ही तरी मला बोला,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. चार लोकांसमोर बोला, काय वाटेल ते.”

किनुयो बांगडे साफ करत होती. तिच्या जिभेला अख्खं बंदर भ्यायचं. तिने सुरी पुसून बाजूला ठेवली.

“कशाला, मास्तर?” ती म्हणाली. “तुम्ही तेही समजून घ्याल.”

मग तिने दोन बांगडे कागदात बांधून त्यांच्या हातात दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.