सातवीचं घुंगरू

पॅनेलवर मीच होतो, म्हणून सांगतो. उगाच ऐकीव नाय. वाळूजला धडाधड कारखाने उभे राहत होते, तेव्हा आमच्या बियाणं संशोधन केंद्रातही नवं पॅनेल आलं. बारा थंड खोल्यांच्या तारा एकाच भिंतीवर! दिवा हिरवा म्हणजे यंत्र चालू, काट्यावर तापमान, बटण दाबलं की तिकडं मशीन बंद. खुर्चीत बसून बारा खोल्यांवर राज्य. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

मल्हारी मात्र अठरा वर्षं त्या खोल्यांच्या फेऱ्या मारत होता. देवगाव रंगारीचा मेंढपाळाचा गडी. पुढच्या मेंढीच्या गळ्यात बांधतात तसं त्यानं प्रत्येक पंख्याच्या जाळीला घुंगरू बांधलेलं. पंख्याचं वारं लागलं की वाजायचं. आम्ही पोट धरून हसायचो. शेवटी मीच साहेबांना चिठ्ठी लिहिली, फेरीच्या माणसाची आता गरज नाही. एक तारखेपासून मल्हारी घरी बसणार होता.

त्याआधीच नामांतराचा बंद आला. एसटी बंद, दुकानं बंद. मी क्वार्टरातला, मल्हारी छावणीतल्या घरून चालत आलेला, कामावर दोघंच. दुपारी तो धापा टाकत आला.

"बद्रीनाथभाऊ, सातवीचं घुंगरू गप हाय."

"अरे येड्या, दिवा हिरवा हाय, काटा चारवर हाय. अजून काय पायजे?"

"आवाज पायजे. उठा आधी!"

हाताला धरून ओढतच नेलं. दार उघडलं तर आत उबारा! पंख्याचा पट्टा तुटलेला. मोटर एकटीच फिरत होती, म्हणून दिवा हिरवा. काट्याची तार गार नळ्यांना चिकटलेली, तिला खोलीची काय खबर? पाच वर्षांच्या मेहनतीचं ज्वारीचं बियाणं आत होतं. दोघांनी सगळे डबे उचलून आठवीत नेले. घामानं निथळलो, पण बियाणं वाचलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "आधी कुणाच्या लक्षात आलं?"

मल्हारीनं माझ्याकडं बघितलं. "पॅनेलच्याच, साहेब. नवं हाय, जरा उशिरा बोललं."

साहेब हसले. मला लई लाज वाटली.

"साहेब, माझी चिठ्ठी परत द्या," मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच फाडली.

संध्याकाळी मल्हारीच्या मागं मीही फेरीला निघालो.

"दमानं चाला, भाऊ," तो म्हणाला. "सहा महिने खुर्चीत होता, पाय इसरलात."